वाचक विचारतात : आउग्सबुर्गला अर्धा दिवस पुरेल का?

गेल्या अंकात जर्मनीत कुठली जुनी शहरं बघावीत ह्यावर लिहिताना मी आउग्सबुर्गबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि जाता जाता म्हटलं होतं की ह्या शहराचा आपल्या गोव्याशी पाचशे वर्षांपूर्वीचा पैशाचा संबंध आहे. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की बाकीचे विषय बाजूला ठेवून ह्या महिन्याचं सगळं सदर आउग्सबुर्गलाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मुलगा म्युनिकला नोकरीला आहे, आम्ही दोघं सप्टेंबरच्या शेवटी त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो आउग्सबुर्ग अर्ध्या दिवसात होतं, सकाळी जायचं आणि जेवायला घरी परत. खरंच तेवढंच आहे का? मिस्टरांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ताई, अर्ध्या दिवसात फोटो होतील, शहर होणार नाही. म्युनिकहून फास्ट ट्रेननं अर्धा तास, साध्या ट्रेननं पाऊण तास, त्यामुळे तिथं राहणारे सगळे असंच म्हणतात, जवळच आहे तर उरकून येऊ. पण हे गाव म्युनिकपेक्षा अकराशे वर्षांहून जास्त जुनं आहे हो! रोमन सम्राट ऑगस्टसच्या वेळी, इ.स.पूर्व 15 मध्ये, इथं सैन्याची छावणी पडली, लेख आणि वेर्टाख ह्या दोन नद्या जिथं मिळतात तिथं, मग छावणीचं गाव झालं, गावाची रेशिया नावाच्या प्रांताची राजधानी झाली, आणि शहराच्या नावात तो ऑगस्टस अजून बसलाय. 1276 ला शहराला आपला कारभार आपण चालवायचा हक्क मिळाला, म्हणजे मधे कुणी सरदार-बिशप नाही, वर थेट सम्राट, आणि ते 1806 ला बव्हेरियात जाईपर्यंत टिकलं. आज तीन लाखांच्या आसपास वस्ती, बव्हेरियात म्युनिक आणि न्युरेंबर्गनंतर हेच.

माझं म्हणणं, दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी राटहाउस म्हणजे नगरपालिकेची जुनी बिल्डिंग, तिच्यासमोरचा चौक, आणि तिथून माक्सिमिलियनश्ट्रासं हा मोठा रस्ता सरळ संत उलरिशच्या चर्चपर्यंत. रस्ता फार लांब नाही, ट्राम आहे आणि वाटेत बसायला कॅफे आहेत, त्यामुळे मिस्टरांनी हळूहळू केला तरी चालेल. दगडी फरसबंदी मात्र आहे, तेव्हा चप्पल नको, बूट घाला. खालच्या कालव्यांच्या वस्तीत उतरायला उतार आणि पायऱ्या आहेत, ती दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी करा. तिघं मिळून जाणार असाल तर साध्या ट्रेनला चालणारं बायर्न तिकीट काढा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, फक्त वीकडेला ते सकाळी 9 नंतर चालतं.

राटहाउस बांधलं एलियास होल नावाच्या शहराच्या बांधकामप्रमुखानं, 1615 ते 1620 मध्ये. वरचं सोनेरी दालन बघाच, छत, भिंती सगळीकडे सोन्याचा मुलामा. आज दिसतं ते मूळचं नाही हे माहीत असू दे. आउग्सबुर्गला मेसरश्मिटचा विमानांचा कारखाना होता, म्हणून फेब्रुवारी 1944 ला अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी शहर भाजून काढलं, त्यात हे दालन जळून गेलं, आणि पुन्हा उभं करून 1985 ला, शहराला दोन हजार वर्षं झाली तेव्हा उघडलं. एवढी देखणी बिल्डिंग बांधणाऱ्या होलची नोकरी मात्र पुढे गेली, कारण तो प्रोटेस्टंट होता आणि सम्राटाचं राज्य कॅथलिक.

आणि तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी जाताय तर 29 तारीख चुकवू नका. त्या दिवशी संत मायकलचा सण. राटहाउसच्या शेजारच्या पेर्लाख मनोऱ्याच्या खिडकीत लाकडी संत मायकल बाहेर येतो, त्याच्या पायाखाली सैतान, आणि घंटेच्या दर ठोक्याला तो सैतानाला भाल्यानं भोसकतो. खाली चौकभर पोरं जमलेली, प्रत्येक ठोका मोठ्यानं मोजतात, एक, दोन, तीन करत, आणि शेवटच्या ठोक्याला जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा. मनोऱ्याचं दुरुस्तीचं काम बरीच वर्षं चाललं होतं, त्यामुळे कार्यक्रम कुठं आणि कधी आहे ते मुलाला आधी टुरिस्ट ऑफिसात विचारायला सांगा.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक. आपण पोर्तुगीज एके पोर्तुगीज शिकवत आलो, जर्मनांचा पैसा त्यांच्या जहाजांत होता हे खरं का? आणि असेल तर किती? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : सर, खरं आहे, आणि आकड्यांसकट खरं आहे. ह्या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार.

आधी मिरी युरोपात यायची ती अरबांच्या हातून, मग व्हेनिसच्या हातून, आणि आउग्सबुर्गचे व्यापारी ती व्हेनिसला जाऊन उचलायचे. वास्को द गामा 1498 ला कालिकतला पोचला आणि हे गणित बदललं. आउग्सबुर्गवाल्यांनी लगेच ओळखलं की पुढची मिरी लिस्बनला उतरणार. पोर्तुगालच्या राजाकडे जहाजं होती, दर्यावर्दी होते, पण एवढं मोठं आरमार पाठवायला लागणारा पैसा कमी पडत होता. शिवाय मलबारात मिरीच्या बदल्यात द्यायला तांबं आणि चांदी हवी, कारण युरोपातला दुसरा माल आपल्याकडे फारसा कुणी विचारत नव्हतं. आणि तांबं-चांदी कुणाकडे? टिरोलच्या आणि हंगेरीच्या खाणींत पैसा घातलेल्या आउग्सबुर्गच्या घराण्यांकडे. सगळी सोय तिथंच झाली.

तर 1505 च्या मार्चमध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा पहिला व्हाइसरॉय म्हणून लिस्बनहून निघाला, त्या ताफ्यातली तीन जहाजं दक्षिण जर्मन आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या पैशातून सजली होती. जर्मनांनी मिळून 36,000 क्रुझादो, म्हणजे पोर्तुगीज सोन्याची नाणी, घातले, त्यात एकट्या वेल्झर घराण्याचे 20,000, फुगरांचे 4,000, बाकी आउग्सबुर्ग आणि न्युरेंबर्गच्या इतर घराण्यांचे. वेल्झरांच्या वतीनं लिस्बनला बसून हा सौदा पक्का करणारा लुकास रेम आउग्सबुर्गचाच, आणि शहराचा चिटणीस कॉनराड पॉइटिंगर, ज्याची बायको वेल्झरांची मुलगी, त्यानं त्याच वर्षी लिहून ठेवलं की भारताचा शोध घेणारे पहिले जर्मन म्हणून आम्हा आउग्सबुर्गकरांना मान आहे.

आणि हे आरमार आधी कुठं टेकलं? अंजदीवला, सर! कारवारच्या समोरचं, पण सरकारी कागदात आपल्या गोव्यातलं अंजदीव. सप्टेंबर 1505 ला आल्मेदानं तिथं किल्ला बांधायला घेतला. गोवा तेव्हा आदिलशहाकडे, तो जिंकणारा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क यायला अजून पाच वर्षं. म्हणजे आउग्सबुर्गचा पैसा गोव्याच्या किनाऱ्याला पोर्तुगीज राज्य येण्याच्या आधीच लागला होता. पुढे कण्णूर, कोची करत मिरी भरली आणि 1506 ला जहाजं परत फिरली. राजानं मिरीचा व्यापार आपल्या हातात घेऊन विक्रीवर बंधनं टाकली, त्यावरून वाद झाले, पैसे अडकले, पण शेवटी नफा भरपूर झाला.

वेल्झरांचा एजंट म्हणून बाल्थाझार श्प्रेंगर नावाचा माणूस त्या जहाजावर होता. तो परत आल्यावर त्याच्या माहितीवरून आउग्सबुर्गचा चित्रकार हान्स बुर्कमायर ह्यानं 1508 ला लाकडी ठशांची एक लांबच लांब चित्रपट्टी केली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची माणसं, मग आपल्याकडची माणसं, शेवटी कोचीच्या राजाची मिरवणूक, खांद्यावरच्या पालखीसारख्या आसनात बसलेला राजा आणि पुढेमागे माणसं. बुर्कमायर कधी भारतात आला नव्हता, तरी अंगावरचा कपडा, हातातली शस्त्रं, माणसांचे चेहरे ह्याकडे त्यानं जे मन लावून बघितलंय ते मला फार मोठं वाटतं, कारण त्या काळात युरोपात पूर्वेची माणसं म्हणजे एक डोळ्याची नाहीतर कुत्र्याच्या तोंडाची काढायची पद्धत होती.

ह्याच बुर्कमायरची अजून एक गोष्ट थेट गोव्याची. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरनं आल्बुकेर्कला एक गेंडा भेट दिला, आल्बुकेर्कनं तो जानेवारी 1515 ला गोव्याहून जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, 20 मे ला तो लिस्बनला उतरला आणि सगळ्या युरोपात बोंब झाली, कारण रोमनांच्या काळानंतर तिथं कुणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. न्युरेंबर्गच्या ड्युररनं केलेलं त्याचं चित्र जगभर माहीत आहे, चिलखत घातल्यासारखं. पण त्याच वर्षी आउग्सबुर्गला बुर्कमायरनंही एक केलं, आणि त्याच्या गेंड्याचे पुढचे पाय बांधलेले आहेत. ड्युररचा गेंडा राजासारखा उभा आहे, बुर्कमायरचा कैद्यासारखा, आणि गोव्याहून जे जनावर खरंच गेलं त्याची हकिगत दुसऱ्या चित्राला जास्त जुळते. पुढच्या वर्षी पोपला भेट म्हणून नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि ते मेलं. बुर्कमायरच्या चित्राची एकच प्रत शिल्लक आहे, ती व्हिएन्नाला अल्बर्टिना म्युझियममध्ये.

नंतरची एक कडी सांगून थांबते. 1580 च्या दशकात फुगर आणि वेल्झर परत मिरीच्या ठेक्यात शिरले आणि 1587 ला त्यांचा एजंट म्हणून आउग्सबुर्गचा फर्डिनांड क्रोन भारतात आला. आधी कोची, मग गोवा. ठेका संपला तरी तो गेला नाही, गोव्यातच लग्न करून स्थायिक झाला, मोठा व्यापारी झाला, बातम्या इतरांच्या आधी त्याच्याकडे पोचायच्या म्हणून व्हाइसरॉयलाही त्याची गरज लागायची, आणि शेवटी डचांशी संधान असल्याच्या संशयावरून त्याला पकडून पोर्तुगालला पाठवलं. जुन्या गोव्यात फिरताना आपण किती नावं घेतो, ह्या माणसाचं कुणी घेत नाही. आउग्सबुर्गला कॅथेड्रलच्या जवळ फुगर आणि वेल्झर म्युझियम आहे, 2014 ला सुरू झालेलं, हा सगळा व्यापार तिथं समजावून सांगितलाय. वेल्झरांनी 1528 ला सम्राटाकडून व्हेनेझुएलाचा ताबा घेतला आणि त्यांच्या माणसांनी गुलाम नेण्याचा परवाना मिळवला, हाही त्याच घराण्याचा इतिहास, तो सोडून पुढे जाऊ नका. मुलांना शिकवणारी ओळखीची माणसं असतील तर त्यांना सांगा सर, गोव्याचा इतिहास लिस्बनला संपत नाही.

प्रश्न : वर्षाला शंभर रुपये भाडं असलेली घरं तिथं आहेत म्हणे. मडगावात दोन खोल्यांचं भाडं देताना आमचा जीव जातो. हे खरं आहे की नेटवरची थाप? आणि ज्यानं ती बांधली तो माणूस चांगला होता का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : थाप नाही. जागेचं नाव फुगराय. याकोब फुगर, ज्याला लोक श्रीमंत फुगर म्हणायचे, त्यानं 1521 ला ह्या घरांचं कायमचं ट्रस्ट-पत्र करून ठेवलं आणि ती घरं आजपर्यंत चालू आहेत, जगातली चालू असलेली सर्वात जुनी गरिबांसाठीची वसाहत म्हणतात ती हीच. तेव्हाचं भाडं वर्षाला एक ऱ्हाइन गुल्डेन, हे त्या काळचं नाणं, आणि ते कधी वाढवलंच नाही, त्याचे आज 88 सेंट होतात, म्हणजे आपले शंभर रुपये धरा. महिन्याला नाही, वर्षाला. वीज, हीटिंग वेगळं भरायचं. अट काय, तर माणूस आउग्सबुर्गचा हवा, कॅथलिक हवा, गरजू हवा, आणि रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, फुगर आणि त्याच्या घराण्यासाठी. ट्रस्टचा खर्च आज मुख्यतः त्यांच्या जंगलांच्या उत्पन्नातून चालतो.

आत गेलात की बाहेरच्या शहराचा आवाज बंद. पिवळसर भिंती, हिरव्या खिडक्या, वेली, सरळ गल्ल्या. 67 घरं, 140 च्या आसपास फ्लॅट, आणि दीडशेएक माणसं खरोखर राहतात, त्यामुळे कुणाच्या खिडकीत मोबाइल घालू नका. दाराशी थांबून एक गोष्ट नीट बघा. प्रत्येक दाराला बाहेर घंटा ओढायची लोखंडी मूठ आहे आणि एका मुठीचा आकार दुसरीसारखा नाही. एकीला तीन पानांचा आकार, दुसरीला पाइनच्या फळाचा, जे शहराचं चिन्ह आहे. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा रात्री घरी येणारा हातानं चाचपून आपलं दार ओळखायचा, असं तिथं सांगतात. रात्री 10 ला मोठं फाटक बंद होतं, नंतर येणाऱ्यानं रखवालदाराला थोडे सेंट द्यायचे, आणि मध्यरात्रीनंतर एक युरो.

मला ह्या जागेत सगळ्यात मोठं वाटतं ते भाडं नाही. खालच्या आणि वरच्या फ्लॅटला रस्त्यावरून वेगवेगळं दार आहे, ते. 1520 च्या सुमारास गरिबाला द्यायचं तर एका मोठ्या हॉलमध्ये खाटा टाकून द्यायची रीत होती, आणि ह्यानं प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर दिलं. भिकाऱ्यांसाठी नव्हे, तर कामधंदा करणाऱ्या आणि आजारपणानं, कर्जानं अडचणीत आलेल्या रोजंदारीवाल्या-कारागिरांसाठी हे होतं. संगीतकार मोझार्टचा पणजोबा गवंडी होता, तोही परिस्थिती खालावल्यावर 1681 पासून शेवटपर्यंत इथंच राहिला, त्या घरावर पाटी आहे. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा बराच भाग पडला, तो पुन्हा बांधला. त्या वेळचा बंकर आज म्युझियम आहे, तो बघा.

आता माणूस चांगला होता का. 1519 ला पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून यावा म्हणून मत देणाऱ्या राजेरजवाड्यांना साडेआठ लाख गुल्डेन वाटले गेले, त्यातले पाच लाख 43 हजार फुगरचे. पोपसाठी पापमुक्तीच्या पत्रांचा जो पैसा जर्मनीतून गोळा व्हायचा तोही फुगरच्या पेढीतून रोमला जायचा. खाणीत मजूर राबत होते, दर वाढवायला मक्तेदारी होती. आणि त्याच माणसानं ही घरंही दिली. आत्म्याला शांती मिळावी म्हणून दिली असतील, प्रार्थनेची अट तेच सांगते. तरी पाचशे वर्षांत किती म्हातारी माणसं, किती विधवा त्या छपराखाली निर्धास्त झोपल्या असतील ते मला खोडता येत नाही, आणि लाचेचा हिशोबही खोडता येत नाही. तुम्ही दोन्ही बघा. आणि आपल्याकडच्या मोठ्या धनवानांनी एवढं एक तरी कॉपी करावं, गावात देवळाला कमान बांधून देणारे भरपूर आहेत, पाचशे वर्षं भाडं न वाढवणारं घर कुणी बांधून दिलंय?

प्रश्न : मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण दोघीच जाणार आहोत. ती ख्रिश्चन, मी हिंदू. तिला तिथं एक गाठी सोडवणारी मेरी बघायची आहे, ती कुठं? आणि मला काय बघण्यासारखं? (एक वाचक, वास्को)

उत्तर : ते चित्र पेर्लाख मनोऱ्याला लागून असलेल्या संत पीटरच्या छोट्या चर्चमध्ये आहे, 1700 च्या आसपासचं. मेरीच्या हातात एक लांब पांढरी फीत, एका बाजूनं देवदूत गाठींनी भरलेली फीत तिला देतोय, ती एकेक गाठ सोडवतेय, आणि दुसऱ्या बाजूला मोकळी झालेली फीत खाली जातेय. पोप फ्रान्सिस पोप होण्याच्या कितीतरी आधी ह्या चित्राच्या भक्तीला लागले आणि त्यांच्यामुळे ती अर्जेंटिनात पसरली. मैत्रिणीला सकाळी गर्दी नसताना न्या आणि बसू द्या थोडा वेळ.

तुम्हाला काय, तर हे. आउग्सबुर्ग म्हणजे एका धर्माच्या दोन पंथांनी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांनी, भांडून भांडून शेवटी एकत्र राहायचा नियम बनवला ते शहर. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन लुथरला ऑक्टोबर 1518 ला इथं फुगरांच्या वाड्यात पोपच्या प्रतिनिधीसमोर उभं केलं, शब्द मागे घे म्हटलं, त्यानं घेतले नाहीत आणि रात्री शहरातून निसटला. तो ज्या मठात उतरला होता ते संत आनाचं चर्च, तिथं लुथरच्या आठवणींचं म्युझियम आहे, आणि गंमत म्हणजे त्याच चर्चमध्ये कॅथलिक फुगरांची समाधीची चॅपलही आहे, जर्मनीतलं रेनेसान्स शैलीचं पहिलं बांधकाम मानतात ते. 1530 ला प्रोटेस्टंटांनी आपली मतं सम्राटासमोर इथंच वाचली, 1555 चा तह इथंच झाला. त्या तहात सामान्य माणसाला फार काही मिळालं नाही, राजाचा जो पंथ तो प्रजेचा. मग तीस वर्षांचं युद्ध, माणसं मेली, शहर खचलं. आणि 1648 नंतर इथं कायदा आला की सरकारी पदं दोन्ही पंथांना सारखी.

ते डोळ्यांनी बघायचं तर संत उलरिश आणि आफ्राला जा, मोठं कॅथलिक चर्च आणि त्याच्या पायाशी चिकटून प्रोटेस्टंट चर्च. 8 ऑगस्टला शांतीचा सण असतो, 1650 पासून चालत आलेला, आणि त्या दिवशी पब्लिक हॉलिडे सगळ्या जर्मनीत ह्या एकाच शहराला. 1629 च्या त्याच तारखेला प्रोटेस्टंटांना प्रवचन बंद केलं होतं, म्हणून ती तारीख. आता त्या दिवशी शहरातले इतर धर्मांचे लोकही बोलावतात, चौकात टेबलं मांडून सगळे एकत्र जेवतात. तुम्ही दोघी ऑगस्टात जाऊ शकलात तर तेव्हाच जा.

कॅथेड्रलही सोडू नका, तिथल्या उंच खिडक्यांत रंगीत काचेचे संदेष्टे आहेत, जवळजवळ नऊशे वर्षांचे, जर्मनीतल्या सर्वात जुन्या काचचित्रांपैकी.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. डिझेल इंजिन ह्याच शहरात बनलं का? आणि पाण्यासाठी युनेस्कोत नाव आलं म्हणजे नेमकं काय केलंय त्यांनी? (एक विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : बाळा, इथंच. रुडॉल्फ डिझेल जन्मला पॅरिसला, शाळा आउग्सबुर्गला, आणि 1893 ते 1897 आउग्सबुर्गच्या मशीन कारखान्यात त्यानं प्रयोग केले, तोच कारखाना पुढे मान कंपनीत गेला. आधीची यंत्रं बंद पडली, जोडणी बदलली, परत केली, आणि फेब्रुवारी 1897 च्या टेस्टला इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्के कामात आली, त्या काळच्या वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. स्पार्क प्लग नाही, हवा एवढी दाबायची की तापूनच इंधन पेटेल, हे तू वर्गात शिकला असशीलच. मांडवीतली बार्ज, मच्छीमारांचे ट्रॉलर, सगळं त्यावर. मानचं म्युझियम आहे, वेळा बघून जा.

पाण्याचं मात्र मला इंजिनापेक्षा जास्त आवडतं. 2019 ला युनेस्कोच्या यादीत आलं, एक बिल्डिंग नाही, 22 ठिकाणं मिळून. लेख नदीचं पाणी बांधावर अडवून कालव्यांतून शहरात आणलंय, कुळागरात पाटाचं पाणी झाडाझाडाशी फिरवतात तसं गल्लीगल्लीतून, आणि त्यावर गिरण्या, चामडं कमावणारे, कापडवाले चालायचे. पण प्यायचं पाणी वेगळं, झऱ्यांचं, आणि 1545 पासून नदीचं पाणी त्यात मिसळू द्यायचं नाही हा नियम. रोग पाण्यातून पसरतात हे शास्त्रानं सांगायला अजून तीनशे वर्षं होती! लाल फाटकाजवळ पाण्याचे मनोरे आहेत, कालव्याच्या पाण्यावर चाकं फिरायची, चाकांवर पंप, पंपानं पिण्याचं पाणी मनोऱ्यावर, आणि तिथून उतारानं लाकडी नळांतून शहरभर. 15 व्या शतकापासून 1879 पर्यंत ते चाललं.

एलियास होलनं 1609 ला बांधलेला खाटकांचा बाजार बघ, त्याच्या खालून कालवा काढलाय, थंड पाण्यानं मांस टिकायचं आणि घाण वाहून जायची. वर मोठ्या रस्त्यावर ऑगस्टस, मर्क्युरी आणि हर्क्युलिस ह्यांची कारंजी, 1600 च्या आसपासची, तीही ह्याच पाण्यावर, आणि शेवटी नदीवरचा होखाब्लास बांध, जवळच 1972 च्या ऑलिंपिकचा कयाकचा कालवा. आपल्याकडे पावसात पाणी एवढं आणि मे महिन्यात टँकर, तेव्हा तुझ्यासारख्यानं हे शिकून यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आम्ही गावच्या नाटकवाल्यांपैकी. नाटककार ब्रेख्त तिथलाच ना? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : हो, 1898 चा जन्म, घर कालव्याच्या वस्तीतच आहे, आत म्युझियम. शहरानं त्याला जवळ करायला फार वर्षं लावली, कारण तो डाव्या विचारांचा. तुम्ही नाटकवाले आहात तर आउग्सबुर्गच्या कठपुतळ्याही बघा, 1948 ला सुरू झालेलं थिएटर, युद्धात पहिलं जळालं तेव्हा त्याच कुटुंबानं पुन्हा उभं केलं. दोऱ्यांवरच्या लाकडी बाहुल्या, भाषा कळली नाही तरी चालतं. तिकिटं लवकर संपतात, आधीच बुक करा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का? (दोन-तीन वाचक, फोंडा आणि साखळी)

उत्तर : नाही. केझश्पात्सन मागा, मऊ पिठाच्या छोट्या गोळ्या, भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा, पोटभर होतं, फक्त त्यात अंडं असतं हे लक्षात ठेवा. गोड हवं तर आलुबुखाराचा दाची, पातळ बेसवर फळाच्या फोडी ओळीनं लावून भाजलेला, तो शहराचा अभिमान आहे आणि उन्हाळ्याच्या शेवटी ताजा मिळतो. तिखट कुठंच मिळणार नाही, लोणच्याची छोटी बाटली चेक-इन बॅगेत घाला. भाजी-फळांसाठी गावच्या मधोमध श्टाटमार्क्ट आहे, पण रविवारी बंद, तेव्हा शनिवारीच ब्रेड-फळं घेऊन ठेवा.